‘आज बरं वाटलं’ याच्या पुढे काय लिहायचं?

कोथरूडहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग देते.

‘मी ४६ वर्षांची. नोकरी करते. घरी सासूबाई, नवरा आणि कॉलेजला जाणारी मुलगी. तीन वर्षांपासून आठवड्यातले तीन दिवस योगवर्गाला जाते, बाकीचे दिवस घरी करते. जूनमध्ये आमच्या बाईंनी सगळ्यांना सरावाची वही ठेवायला सांगितली. मी हौसेने अप्पा बळवंत चौकातून जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि पहिले पंधरा दिवस पानंच्या पानं लिहिली. आता उघडून बघते तर किराणा मालाची यादी वाटते. “सूर्यनमस्कार १२, त्रिकोणासन, शीर्षासन ५ मिनिटं, फीलिंग गुड.” दुसऱ्या दिवशीही तेच. केलं नाही त्या दिवशी नुसतं “कंटाळा”. वर आता आसनात असतानाच वहीतली वाक्यं मनात जुळायला लागली आहेत. शीर्षासनात डोळा घड्याळाकडे जातो, कारण कालच्यापेक्षा कमी आकडा लिहायला नको वाटतो. गणपतीत नऊ दिवस काहीच लिहिलं नाही, तर इतकं अपराधी वाटलं की पुढचे दोन दिवस मॅटही उघडली नाही. मध्ये मुलीने वही वाचली, तेव्हापासून मोकळेपणाने लिहवत नाही. उजवा गुडघा अधूनमधून दुखतो, तेही लिहिलंय, पण त्याचं पुढे काय करायचं ते कळत नाही. वही बंद करू का? की फोनवर एखादं ॲप घेऊ?’

नमस्कार.

वही बंद करू नका. ‘कालच्यापेक्षा कमी आकडा लिहायला नको वाटतो’ हे वाक्य तुम्ही मला लिहिलंत, वहीत मात्र लिहिलं नाहीत. जूनपासून स्वतःच्या सरावाबद्दल तुम्हाला जे जे नव्याने कळलं, त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे. त्या दिवशीच्या पानावर ‘शीर्षासन ५ मिनिटं’ असेल आणि ती पाच मिनिटं घड्याळाच्या धाकात गेली हे कुठेच नसेल.

पण गुडघ्याचं आधी बोलते, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

तुम्ही म्हणता ‘दुखतो’. दुखतो म्हणजे नेमकं काय होतं? आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत ते जरा आठवून बघा. ओढ लागते, ताण बसतो, कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, ठसठसतं, सलतं, मुंग्या येतात, बधिर होतं, अवघडतं, आखडतं, गोळा येतो, उसण भरते. माझी आजी यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी कधी वापरायची नाही. पश्चिमोत्तानासनात मांडीच्या मागे लागते ती ओढ. श्वास सोडला की ती थोडी सैल पडते आणि तिची भीती बाळगायचं कारण नसतं. पद्मासनात पाय घेताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला एकदम येते ती कळ, आणि तिथे लगेच थांबायचं असतं. दोन्हींना ‘दुखतं’ म्हटलं तर महिन्याभराने पान उलटताना तुम्हालाच काही उमगणार नाही. ‘हिप्स टाइट’, ‘फीलिंग गुड’ हे वर्गात कानावर पडलेले शब्द आहेत. लहानपणी पडलो, लागलं, तेव्हा जे शब्द तोंडातून निघाले ते शरीराच्या जास्त जवळचे असतात. वहीत ते वापरा.

शब्दाइतकीच जागा महत्त्वाची. वर्गात बाई ‘कुठे दुखतंय?’ विचारतात आणि आपण अख्ख्या पायावरून हात फिरवतो. एक बोट ठेवून सांगायला शिका: वाटीच्या खाली, आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला, की मागे लवणीत. मग वेळ. आसनात जाताना, आसनात असताना, बाहेर येताना, की दोन तासांनी जिना उतरताना? आदल्या दिवशी काय केलं होतं, हेही लिहा. तुम्ही कोथरूडच्या, म्हणजे म्हातोबाच्या टेकडीवर जात असाल. चढापेक्षा उताराला गुडघ्यावर भार जास्त येतो, आणि टेकडीचं देणं आपण दुसऱ्या दिवशी वीरासनाच्या नावावर मांडतो.

तुमच्या बाईंनीही हे सांगितलं असेल, तरी लिहिते. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकतो आणि सरळ होतो. पीळ त्याला फारसा सोसत नाही. पद्मासनासाठी मांडी खुब्यातून बाहेर वळावी लागते. खुबा आखडलेला असला आणि आपण पाय ओढून घेतलाच, तर न मिळालेलं ते वळण गुडघ्याच्या वाट्याला येतं. तेव्हा सध्या पद्मासन नको. वीरासनात बसायचंच तर बैठकीखाली वीट किंवा घट्ट घडी केलेली ब्लँकेट घ्या, आणि तरीही कळ आली तर तेही सोडा. सूज आली, गुडघा मध्येच अडकला, चालताना पायातला आधार गेल्यासारखं वाटलं किंवा रात्री दुखून जाग आली, तर वहीत लिहीत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. वही हे औषध नाही. पण डॉक्टर विचारतील त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमच्या हातात तयार असतील.

आता यादीबद्दल.

यादीला माझा विरोध नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या ‘योगदीपिका’ या आसनांवरच्या पुस्तकाच्या शेवटी ३०० आठवड्यांचा आसनक्रम दिलेला आहे, जवळजवळ सहा वर्षांचा. पुण्यात तो क्रम समोर ठेवून आठवड्यांवर खुणा करत गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. गुरुजी १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत हे शहर त्यांच्या सरावाची जागा राहिलं. तेव्हा इथे त्या पुस्तकाचा धाक आणि लळा दोन्ही असणं साहजिक आहे. पण कोणत्या आठवड्यात कोणती आसनं, हे पुस्तकाला आधीच ठाऊक आहे. पुस्तकाला ठाऊक नाही ती तुमची टाच.

टाच म्हणाले ते उगीच नाही. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते: ‘मंगळवार. गारठा. त्रिकोणासन, उजवीकडे जाताना डाव्या पायाची टाच बाहेरच्या कडेने उचलते. हात विटेवर ठेवला तर टेकून राहते. खाली जाताना श्वास धरला होता, ते वर येताना लक्षात आलं. डावीकडे असं होत नाही.’ एवढंच. लिहायला दोन मिनिटंही लागली नसतील. त्या दिवशी मी तासभर सराव केला होता आणि बाकी काय काय केलं ते मला आज आठवत नाही, पण त्या टाचेवर पुढचा महिनाभर काम झालं. वर्गात बाईंनी माझा मागचा पाय भिंतीला टेकवायला लावला. जमिनीवर पावलाची बाहेरची कड कुठून सुटते ते तळव्याला कळायला लागलं आणि मग ते वज्रासनातून उठतानाही कळायला लागलं.

दिवसाला अशी एक गोष्ट पुरते. सरावाला उभं राहण्याआधी जी ठाऊक नव्हती, अशी एक. मिळाली नाही तर ‘आज नवं काही दिसलं नाही’ असं लिहा. तीही खरी नोंद आहे.

काय बघायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. पाहण्याची ही शिस्त आपल्याकडे पुण्यापासून फार लांब नाही, लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना पोटात दाब किती उतरतो हे त्यांनी उपकरण लावून मोजलं, क्ष-किरण चित्रं काढली आणि जे दिसलं ते छापलं. नौलीची थोरवी ग्रंथांत होतीच. आत प्रत्यक्षात काय घडतं ते त्यांना बघायचं होतं. घरात मॅटवर आपल्याकडे दाब मोजायचं उपकरण नसतं. पण श्वास असतो, आणि तो काही लपवत नाही.

पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं ३१वं सूत्र मला वहीसाठी फार उपयोगी पडलं. मन विखुरलं की त्याच्यासोबत काय काय येतं ते त्यात सांगितलंय: दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व आणि श्वास-प्रश्वास. म्हणजे वेदना, मनाचा खट्टूपणा, अंगाची थरथर आणि बेताल झालेला श्वास. मी रोज या चारांवरून एकदा नजर फिरवते. वृक्षासनात उभा पाय थरथरला का, आणि कुठे, घोट्यात की मांडीत? वीरभद्रासनात श्वास उथळ झाला का, झाला तर कितव्या श्वासाला? शीर्षासनाचा आकडा लिहायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारी श्वास लिहा. ‘५ मिनिटं, तिसऱ्या मिनिटापासून घशात ताण’ आणि ‘३ मिनिटं, श्वास शांत’ अशी दोन पानं शेजारी ठेवलीत तर कोणत्या दिवशी शीर्षासन झालं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. मग आकडा कमी लिहिण्याची लाज वाटणार नाही.

आणि तो ‘कंटाळा’.

या शब्दावर मी आज जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमच्या वहीतली सगळ्यात मौल्यवान पानं तीच आहेत. मराठीत ‘कंटाळा’ हे मोठं गाठोडं आहे. झोप झाली नाही तरी कंटाळा, कोणावर राग आला तरी कंटाळा, जमणार नाही अशी भीती वाटली तरी कंटाळा. पतंजलींनी हे गाठोडं सोडून ठेवलंय. मघाच्या सूत्राच्या आधीच्याच सूत्रात नऊ अडथळे आहेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. पाठांतरासाठी ही यादी मला रुक्ष वाटायची. वहीसमोर बसून वाचली तेव्हा ती चालती-बोलती झाली.

स्त्यान आणि आलस्य यांतला फरक बघा. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, आणि आलस्य म्हणजे शरीर आणि चित्त जड झाल्यामुळे कामाला हात न घालणं. घरातली उदाहरणं घेऊ. रात्री उशिरा पुरणपोळी जेवून झोपलात आणि सकाळी अंग उचलत नाही, ते आलस्य. त्यावर उपाय रात्रीच्या ताटात आहे. अंग हलकं आहे, वेळ आहे, मॅट अंथरलेली आहे, आणि तरी तुम्ही खिडकीशी उभ्या राहून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघत राहता, ते स्त्यान. तिथे ताटाचा काही संबंध नाही. तिथे एक आसन, फक्त एक, करायला उभं राहणं हाच उपाय मला लागू पडला आहे. ‘एवढं करून मला काय मिळणार आहे, माझ्या वयाला हे झेपणार आहे का’ असं आत चालू असेल तर तो संशय, आणि तो आठवडाभर टिकला तर बाईंशी बोलायची वेळ आली असं समजा. करायचं ठरलेलं विसरून दुसऱ्याच कामात वाहून गेलात तर प्रमाद. ताप असेल तर सरळ व्याधी, तिथे आराम करायचा. तुमचं गणपतीतलं प्रकरण मला शेवटच्या शब्दाजवळचं वाटतं, अनवस्थितत्व: बसलेली घडी टिकली नाही. घरात पाहुणे, रोज दोन वेळच्या आरत्या, स्वयंपाकघरातून सुटका नाही, रात्री ढोल-ताशांमुळे झोप अर्धी. ती घडी मोडणारच होती. हे अडथळे हजारो ओव्या लिहिणाऱ्या संतालाही येतात आणि ऑफिसला जाणाऱ्या बाईलाही येतात. सूत्रकाराने ते आधीच लिहून ठेवले, यातच मला मोठा दिलासा वाटतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘कंटाळा’ लिहिलंत की तिथेच पेन थांबवा आणि त्याच्यापुढे आणखी एक शब्द लिहा. संस्कृतच हवा असं नाही. ‘कंटाळा, झोप पाच तास.’ ‘कंटाळा, काल ऑफिसात शब्दाला शब्द झाला.’ ‘कंटाळा, सर्वांगासनाची धास्ती.’ सरावाविना गेलेल्या दिवसाचीही तारीख टाकून एक ओळ लिहा. वही सरावाची असली तरी सराव न झालेले दिवस तिच्यातच हवेत.

अपराधी वाटण्याबद्दल स्वात्मारामांनी हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या पहिल्याच उपदेशात सांगून ठेवलंय. योग ज्या सहा गोष्टींनी नासतो त्या तिथे मोजल्या आहेत: अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग, लौल्य. यातल्या तीन मला तुमच्या पत्रात दिसल्या. घड्याळाशी झटापट हा प्रयास. आसनात मनात चाललेली वाक्यांची जुळवाजुळव, माझ्या समजुतीप्रमाणे, हाही प्रजल्पच, म्हणजे वायफळ बडबड, फक्त तोंड बंद ठेवून केलेला. आणि नऊ दिवस वही राहिली म्हणून आणखी दोन दिवस मॅट न उघडणं हा नियमाग्रह. त्या ग्रंथावरच्या जुन्या संस्कृत टीकेत, म्हणजे भाष्यात, त्याचं उदाहरण पहाटे थंड पाण्याने अंघोळ करण्यासारख्या नियमांचं दिलं आहे. आजच्या काळात त्यात रोज डायरी लिहिण्याच्या हट्टाची भर घालायला हवी. राहिलेले दिवस मागाहून भरू नका. आठवून लिहिलेली पानं शाळेतल्या मुलांच्या आदल्या रात्री उरकलेल्या शुद्धलेखनासारखी होतात; मी ३१ वर्षं मराठी शिकवलं, एका नजरेत ती ओळखू येतात. नऊ दिवसांसाठी एकच ओळ: ‘गणपती. घर भरलेलं. पाठ आखडली, मन आनंदात.’ तसं होतं ना?

वाक्यं जुळण्याची काळजी करू नका. पहिले काही महिने हे होतंच. आसनात एखादं वाक्य आलं तर त्याला धरून ठेवायचं नाही आणि झटकायचंही नाही; लक्ष पुन्हा तळव्यावर किंवा श्वासावर न्यायचं. त्यातलं जे नंतरही उरतं तेवढंच लिहायचं. यासाठीच शवासनातून उठल्या उठल्या पेन हातात घेऊ नका. त्या शांततेला थोडी जागा द्या. मी मॅट गुंडाळते, ब्लँकेटच्या कडा जुळवून घडी घालते, स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवते, आणि पाण्याला उकळी येईपर्यंत ओट्यापाशी उभ्याने लिहिते. आलं किसून टाकेपर्यंत चार ओळी झालेल्या असतात. वही ओट्याच्या वरच्या फळीवर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असते, त्यामुळे ती शोधावी लागत नाही आणि तिचं स्तोमही माजत नाही. तुम्हाला सकाळी ऑफिसची घाई असणार. मग डबा भरून झाल्यावर एक ओळ, उरलेली रात्री.

फोनचं ॲप मात्र नको. फोन उघडला की सोसायटीच्या ग्रुपवरचे टँकरचे निरोप आधी दिसतात आणि शवासनात मिळालेलं तिथेच संपतं.

मुलीचं. तिने वाचलं, हे तुम्हाला लागलं आहे, ते मी समजू शकते. पण टाच, श्वास आणि गुडघा यांच्या नोंदी कोणी वाचल्या तर बिघडत नाही, आणि माझ्या मते सरावाची वही तशीच असावी. घरातली दुखणी, नात्यांतला सल, हे लिहावंसं वाटलं तर त्यासाठी दुसरी वही करा आणि ती कपाटात कुलपात ठेवा. दोन्ही एकत्र झालं की माणूस कशाहीबद्दल नीट लिहीत नाही. मुलीला एकदा शांतपणे सांगून टाका. कॉलेजातली मुलगी आहे, तिला कळेल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात विचारली नाहीत, तरी ४६ वय वाचून सांगावीशी वाटते. पाळीची तारीख समासात एखाद्या छोट्या वर्तुळाने लिहा. अय्यंगार पद्धतीत पाळीच्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन करत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यापलीकडेही त्या वर्तुळांचा उपयोग आहे. या वयात पाळीचं अंतर कमी-जास्त व्हायला लागतं, मध्येच अंगातून गरम वाफा निघतात, रात्री तीनला जाग येते, कारण नसताना रडू येतं, आणि आपण ते सगळं ‘सरावात मन नाही’ या एका खात्यावर टाकून देतो. वर्तुळं आणि नोंदी शेजारी असल्या की त्यांचा मेळ दिसतो. मला तो दिसला तेव्हा मी त्या दिवसांपुरती उभी आसनं कमी केली आणि लोडावर पाठ टेकून सुप्त बद्धकोनासनात जास्त वेळ राहू लागले. पाळी फार लांबली किंवा रक्तस्राव जास्त झाला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचंच.

वही लिहिणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं वाचण्याचं, आणि तुमच्या पत्रात वाचण्याचा उल्लेख फक्त ‘किराणा मालाची यादी वाटते’ एवढाच आहे. महिन्यातून एकदा, घरात ज्या दिवशी लाइटबिल भरता त्याच दिवशी, अर्धा तास काढून मागचा महिना वाचा. हातात पेन्सिल घ्या. पुन्हा पुन्हा आलेल्या शब्दाखाली रेघ ओढा. नव्याने काही लिहू नका, नुसतं वाचा.

याचा मला किती उपयोग झाला ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझी मान सतत दुखायची. सर्वांगासनाने दुखते अशी माझी पक्की समजूत झाली आणि मी सहा महिने ते आसन सोडून दिलं. मान दुखायची थांबली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत वर्षभराच्या वह्या घेऊन बसले. ‘मान’ या शब्दाखाली अकरा रेघा पडल्या. त्यातल्या नऊ ऑक्टोबर आणि एप्रिलमधल्या होत्या, आणि त्याच पानांच्या समासात मी सहज लिहून ठेवलं होतं: ‘पेपर, दहावी अ’, ‘पेपर, गठ्ठा दुसरा’. मी पेपर तपासायचे ते पलंगावर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर गठ्ठा, असे तीन-तीन तास मान खाली घालून. सर्वांगासनाचा त्यात काही दोष नव्हता. मी टेबलावर पाट तिरका टेकवून त्यावर पेपर ठेवायला लागले, आणि बाईंच्या देखरेखीखाली, खांद्यांखाली तीन ब्लँकेटची घडी घेऊन, सर्वांगासन पुन्हा सुरू केलं. मान त्या वर्षीच्या सहामाहीला दुखली नाही. ते समासातले दोन शब्द मी लिहिले नसते, तर एका चांगल्या आसनाला कायमची मुकले असते.

म्हणून आसनाबाहेरचं थोडं समासात येऊ द्या. झोप किती, आदल्या रात्री काय जेवलं, थंडी की दमट हवा, प्रवास, उपास. सविस्तर नको, दोन शब्द. डिसेंबरात पहाटे अंग ताठरतं आणि पावसाळ्यात सांधे कुरकुरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तुमचा कोणता सांधा आणि किती दिवस, ते फक्त तुमच्या वहीत सापडेल.

हल्ली बरेच जण अशा वहीला स्वाध्याय म्हणतात. व्यासभाष्यात स्वाध्यायाचा अर्थ प्रणवाचा म्हणजे ओंकाराचा जप किंवा मोक्षशास्त्रांचं अध्ययन असा आहे, त्यामुळे मी ते नाव देत नाही. मोठं नाव दिलं की चार साध्या ओळी लिहायला हात धजत नाही. माझ्या वहीवर वर्ष लिहिलेलं असतं, बाकी काही नाही.

तुमची जाड पुठ्ठ्याची वही तशीच चालू ठेवा. किराण्याची पानं फाडू नका. त्यांच्यापुढे आजची तारीख टाका आणि गुडघ्यापासून सुरुवात करा. पुढचे आठ दिवस दुसरं काहीच लिहिलं नाहीत तरी चालेल: कोणत्या बोटाएवढ्या जागेत, कोणत्या आसनात जाताना की येताना, ओढ की कळ, आदल्या दिवशी टेकडी झाली होती का. मग वर्ग सुरू होण्याआधी पाच मिनिटं लवकर जा आणि त्या ओळी बाईंना वाचून दाखवा. त्या काय म्हणाल्या, तेही त्याच पानावर खाली लिहा. आणि गुडघ्याचं पुढे काय झालं, ते मला दिवाळीपर्यंत नक्की कळवा.